काचेला ताव

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्राचार्यांनी आज भट्टीचा विषय एका वाक्यात संपवला. "दीपा मॅडम, कॉलेजात बेकरी काढायची आहे का?" स्टाफरूममधले सगळे खो खो हसले. मीही हसले, कारण न हसणाऱ्या बाईला आर्णीत लगेच खडूस ठरवतात. मग प्रयोगशाळेत जाऊन दार जरा जोरातच लावलं.

राग आहे तोवर सगळं एकदा नीट लिहून ठेवते. मला कण टिपणारं यंत्र बनवायचंय. काचेच्या दोन मोठ्या पाट्या, त्यांच्यात अगदी बारीक फट, फटीत गॅस, बाहेरून ग्रॅफाइटचा काळा लेप आणि त्या लेपावर विजेचा जबर दाब. आकाशातून म्युऑन नावाचे कण सतत खाली येत असतात. छपरातून, भिंतीतून, आपल्या डोक्यातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यातला एखादा या फटीतून गेला की ठिणगी पडते, आणि मग तो गेल्याचं कळतं. एवढंच यंत्र. पण दोन पाट्यांमधला गोंद पक्का व्हायला आणि लेप सगळीकडे सारखा बसायला काचेला तासन्‌तास एकसारखा ताव द्यावा लागतो, साठ अंशांच्या आसपास. जास्त झाला की गोंद जळतो. एक कोपरा तापला आणि दुसरा गार राहिला की काच तडकते. मोठ्या संस्थांत या कामाला खोलीएवढी भट्टी असते. आमच्याकडे प्राचार्यांचे विनोद असतात.

जानेवारीत हैदराबादच्या संस्थेतले लोक बघायला येणार आहेत. यंत्र चाललं तर त्यांचं मोजणी केंद्र आमच्या कॉलेजात येईल आणि ते मी चालवीन. नाही चाललं तर केंद्र दुसरीकडे जाईल, आणि माझी इथली नेमणूक उन्हाळ्यात संपत असल्याने मला हैदराबादला त्यांनी देऊ केलेली जागा, म्हणजे तिथली नोकरी, घ्यावी लागेल. ती मला नको आहे. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. जन्मभर आर्णीत राहिलेल्या माणसाला या वयात उपटून कुठे नेऊ? आणि एकटं ठेवून कशी जाऊ? तेव्हा यंत्र चालायलाच हवं.

२० नोव्हेंबर

भट्टी सापडली! मुख्तारभाईंच्या गॅरेजमध्ये. ते गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. रंग वाळवायला त्यांनी मागे पत्र्याची खोली केली आहे, आत दिवे लावून ऊब धरतात. मी गाडीला पडलेला पोचा काढायला गेले होते, ती खोली बघून पोचा विसरले.

"जागा देतो मॅडम," मुख्तारभाई म्हणाले. "पण एक सांगा, हे तुमचे कण दिसत नाही, लागत नाही, मंग ते पकडून करता काय?"

"मोजतो."

"मंग?"

"मंग पुन्हा मोजतो."

त्यांनी मान डोलावली. वेड्या माणसाशी वाद घालू नये अशी ती मान होती. पण कोपरा मोकळा करून दिला.

२४ नोव्हेंबर

मुख्तारभाईंच्या कोपऱ्यात आमची भट्टी, म्हणजे एक पेटी, तयार झाली. प्लायवूडच्या चौकटीवर पत्रा मारलेली. चारही कोपऱ्यांत पिवळे जुने बल्ब. ते आता दुकानात मिळत नाहीत, पण पिल्लांना ऊब द्यायला कोंबडीवाले अजून ठेवतात, त्यांच्याकडून आणले. आतली हवा फिरवायला छोटा पंखा. प्रत्येक कोपऱ्याला वेगळं बटण. तापमापक मात्र एकच आहे आणि तो मधोमध लोंबतो. कोपऱ्यांत काय चाललंय ते त्याला कळत नाही.

मी डोकं धरून बसले होते तर बाबा म्हणाले, "मी पाह्यतो न कोपरे. हातानं."

मला हे सुचलंच कसं नाही! बाबांनी उभं आयुष्य इथल्या ऑइल मिलमध्ये काढलं. सरकी दाबायला टाकण्याआधी शेकावी लागते. कमी शेकली तर तेल सुटत नाही, जास्त शेकली तर काळं पडतं. ती शेकली की नाही हे बाबा मूठ भरून सांगायचे. मिलचा मालक स्वतः येऊन विचारायचा, "उकंडा, झालं काय?" बाबांनी हो म्हटल्याशिवाय घाणा फिरत नसे. बाहेरगावी शिकत असताना मी हे एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे थर्मामीटर नव्हता." तो आज इथे हवा होता.

२७ नोव्हेंबर

पहिली लहान पाटी सुरेख निघाली. लेप मोजला, सगळीकडे सारखा.

बाबा पेटीच्या बाहेरून पत्र्याला हात लावत फिरतात. हात ठेवतात, एकदा तापमापकाच्या आकड्याकडे नजर टाकतात आणि मग सांगतात, "इकडचा कमी कर," "आता झालं." त्या आकड्याकडे बघण्यात किती नम्रपणा आहे! पन्नास वर्षांचा हात, तरी मशीनला विचारून घेतात.

घरी येताना ते खुशीत होते. मध्येच म्हणाले, "काय व दीपे, हैदराबादले थंडी राह्यते काय?"

"फार नाही. पण आपल्याले कुठी जायचं हाय?"

त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली. मी जाईन या धास्तीने आतून खचले असणार. उद्यापासून मोठी पाटी हाती घेते.

३ डिसेंबर

शेजारच्या धनीबाई बाबांची एक चप्पल घेऊन आल्या. "तुह्या बापाची हाय न? नाक्यावर पडली होती. म्या हाका मारल्या, ऐकलंच नाही. तसाच चालत गेला गडी." मी चप्पल घेतली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ध्यान नव्हतं." एवढे पेटीच्या विचारात असतात! माझ्या विद्यार्थ्यांना यातलं निम्मं वेड असतं तर मी आतापर्यंत तीन यंत्रं केली असती.

गॅरेजमध्ये चहा आला. मुख्तारभाईंनी बशीत ओतून फुंकर मारली, मी पदरात ग्लास धरला, आणि बाबांनी वाफाळता स्टीलचा ग्लास नुसत्या मुठीत धरून ठेवला. मी मुख्तारभाईंना म्हटलं, "पाह्यलं? याले म्हणतात मिलचा हात."

ते हसले नाहीत. बाबांच्या मुठीकडे बघत राहिले.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. आज पेटी बंद. संध्याकाळी विहारात गेलो. वंदना झाली, मग मेणबत्त्या घेऊन सगळे पुतळ्यापर्यंत चालत गेलो. बाबा माझ्या पुढे होते. वाऱ्याने त्यांच्या मेणबत्तीचं मेण बोटांवर ओघळत होतं, तरी हात जरासुद्धा हलला नाही. पुतळ्यापाशी मीच त्यांचा हात तिरपा केला. बोटांवर मेणाचा थर बसला होता. त्या क्षणी मला बाबांबद्दल एवढं भरून आलं की रडूच आलं. आमच्या पिढीला ही श्रद्धा जमायची नाही, आम्हाला चटका बसतो.

११ डिसेंबर

मोठ्या पाटीचा पहिला लेप बिघडला. दोन कोपरे कच्चे राहिले. पुसून पुन्हा लावला.

मुख्तारभाईंशी आज वाजलं. बाबा लघवीला गेले तशी ते जवळ आले. "मॅडम, बुरा नका मानू. काकाले आता घरीच राहू द्या. पेटीपाशी नका बसवू."

"काहून?"

"त्याइचा हात..." एवढ्यात बाबा परत आले आणि मुख्तारभाई पान्यांच्या डब्यात उगाच काहीतरी शोधू लागले.

लग्नसराई आहे, गाड्या रांगेत उभ्या आहेत, त्यांना कोपरा हवा असणार. तसं सरळ सांगावं ना! म्हाताऱ्या माणसाच्या हाताचं निमित्त कशाला? मी घुश्श्यातच म्हटलं, "बाबाच्या हाताबद्दल तुमी मले नका सांगू." ते "ठीक हाय" म्हणाले आणि कामाला लागले.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, तिकडे आपल्या लोकांचे विहार आहेत का. मी म्हटलं, "बाबा, मी कुठंच जाणार नाही, तुमी कायले जीवाले लावून घेता?" त्यांनी भात कालवला आणि खाली मान घालून जेवले.

१८ डिसेंबर

पाट्या गोंदाने जोडल्या. आता शेवटचा ताव. यात साधलं तर साधलं, जानेवारीच्या आत दुसरी मोठी काच मिळणार नाही.

पेटीच्या तोंडाशी तारांची गर्दी झाली होती म्हणून तापमापकाचा आकडा दाखवणारी डबी मागच्या बाजूला, माझ्या स्टुलाशी घेतली. बाबांना उगाच मध्ये मध्ये मान वळवावी लागते, तीही वाचेल. सुरुवात ठीक झाली. दुपारनंतर गंमत सुरू झाली. आकडा चढत गेला, सत्तरच्या वर गेला, आणि बाबा म्हणत होते, "कोमट हाय." मी पुन्हा विचारलं. चारही कोपरे फिरून आले. "कोमटच हाय व. अजून लागते." तापमापक स्वस्तातला, मागच्या आठवड्यातही अधूनमधून अडला होता. तो मरत चाललाय हे उघड आहे. पन्नास वर्षांच्या हातावर विश्वास ठेवायचा की या प्लास्टिकच्या डबीवर? आज अंधार पडू लागला म्हणून बंद केलं. उद्या सकाळपासून बाबांच्या हाताने चालवणार.

१९ डिसेंबर

सकाळी सुरू केलं. बाबा म्हणाले कोमट, मी बल्ब वाढवले. पुन्हा कोमट, पुन्हा वाढवले. आकडा मी कागदाने झाकून टाकला होता, त्रास नको म्हणून. हे मी स्वतः केलं. मग वास आला. मला वाटलं गोंदाचा. मी झाकण उघडायला धावले आणि आतून कडाड आवाज झाला, पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. मी काचेकडे बघत "गेली, गेली" म्हणत उभी राहिले.

मुख्तारभाई ओरडले, "काका! हात!"

बाबा पेटीच्या त्या बाजूला उभे होते, तळवा पत्र्यावर ठेवून. चेहऱ्यावर काही नाही. मी काय सांगते याची वाट बघत होते. मुख्तारभाईंनी मनगट धरून हात ओढला तेव्हा पत्र्यावर काय राहिलं ते मी लिहिणार नाही. वास गोंदाचा नव्हता.

बाबांनी स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. मग मला म्हणाले, "काच फुटली काय?"

२० डिसेंबर

दवाखाना. डॉक्टर सुरभी मॅडम माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी हाताला मलमपट्टी केली आणि मग बाबांना डोळे मिटायला सांगून एक नायलॉनचा बारीक दोरा बोटांना टेकवत गेल्या. "लागलं की सांगा काका." बाबा गप्प. तळवे गेले, पावलं गेली, घोट्याच्या वर आल्यावर बाबा म्हणाले, "आता लागलं."

साखरेमुळे नसा मेल्यात. बाबांना साखर आहे हे मला माहीत होतं, गोळ्या घेतात हेही माहीत होतं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक जखम निघाली, आत बारीक खडा रुतलेला. तो घेऊन ते किती दिवस चालले कोण जाणे. मॅडमनी पाय वाचेल म्हटलं, पण रोज बघावं लागेल. "यांना आता दुखणार नाही, तेव्हा दुखायची वाट बघू नका."

चप्पल, चहा, मेण. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि मी, कण मोजणारी बाई, प्रत्येक वेळी कौतुक करत बसले. मुख्तारभाई बाहेर बाकावर बसून होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी तेव्हाच जोरात बोलाले पाह्यजे होतं, मॅडम."

२४ डिसेंबर

आज विचारलं. पाच दिवस धीर झाला नव्हता.

"कधीपासून, बाबा?"

"पायाचं पावसाळ्याच्या आधीपासून. हाताचं मंग झालं."

"मंग कोमट कोमट काहून सांगत होते?"

"काय सांगू? मले काहीच लागत नव्हतं. आकडा दिसे तवरक जमलं. तू तो तिकडं नेला, मंग मी अंदाजानं सांगून राह्यलो होतो. जास्त तापलं म्हणावं अन् नसलं तापलं, तर तुहं काम कच्चं राह्यलं असतं."

"पण बोलायचं न!" मी ओरडलेच. "मी काय मारलं असतं तुमाले?"

"मारलं नसतं. खाटेवर बसवलं असतं." मग पट्टीकडे बघत म्हणाले, "मिल बंद झाल्यापासून कोणी मले इचारलं नव्हतं व, उकंडा झालं काय म्हणून. तू इचारत होती."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. नळ सोडायची गरज नव्हती, घरात दोघंच तर आहोत.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

पाहुणे येऊन गेले. मधल्या काळात मुख्तारभाई आणि मी मिळून लहान पाट्यांची एक जोडी केली. या वेळी प्रत्येक कोपऱ्यात वेगळा तापमापक लावला, हात कोणीच लावला नाही. ती चालली. ठिणग्या नीट दिसल्या. त्यांच्या मुख्य बाईंनी पेटीचे फोटो काढले, कोंबडीचे बल्ब ऐकून खूश झाल्या. पण केंद्राला मोठी पाटी हवी आणि ती माझ्याकडे नाही. तडकलेली त्यांना दाखवली. कशाने तडकली विचारल्यावर म्हटलं, "माझ्या चुकीने. ताव मोजायचा सोडून मी मानून चालले."

केंद्र दुसऱ्या कॉलेजला जाणार. जाताना त्या म्हणाल्या, हैदराबादची जागा तुमची वाट बघतेय, महिनाअखेर कळवा.

प्राचार्यांनी चहापाण्याचं बघितलं, विनोद केला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२० जानेवारी

संध्याकाळी नाही म्हणून कळवायला मोबाइल घेऊन बसले होते. शब्द जुळत नव्हते. तेवढ्यात बाबांचे पाय धुवायची वेळ झाली. मी घमेल्यात पाणी घेतलं, आधी माझं कोपर बुडवून बघितलं आणि मग त्यांचा पाय आत ठेवला. अंगठ्याखालची जखम भरत आलीय.

"काय लिहून राह्यली होती?"

"हैदराबादले नाही म्हणून कळवतो."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुमाले सोडून कशी जाऊ?"

"मले कायले सोडतं?" बाबा म्हणाले. "मी येत नाही असं कोणी सांगतलं तुले?"

मी बोटांच्या मधली जागा धूत होते, तिथेच थांबले. कोणीच सांगितलं नव्हतं. हे मी माझ्या मनानेच ठरवलं होतं, आणि मग त्यावर अख्खं यंत्र उभं केलं होतं. त्या यंत्रापायी यांचा तळवा गेला.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मंग इचार."

"बाबा, माह्यासंग हैदराबादले येता काय?"

मला वाटलं ते लगेच हो म्हणतील. पण ते पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले. पाणी गार होत चाललं तरी मी पाय काढला नाही.

"तिथी मले काम काय राहीन?"

खोटं उत्तर अगदी जिभेवर तयार होतं. तिथे मला तुमचा हात लागेल, तुम्ही आल्याशिवाय माझं काही धकणार नाही, असलं काहीतरी. महिनाभरापूर्वी मी ते बोलून गेले असते, आणि त्यावर विश्वासही ठेवला असता.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "तिथी तुमाले काम नाही."

त्यांनी मान हलवली. मग वाकून स्वतःच पाय पाण्यातून काढला, डॉक्टर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तळव्याखाली आरसा धरून एकदा नीट पाहिला आणि पुसायला माझ्यापुढे केला.

"मंग पहाटेची गाडी पाह्य," ते म्हणाले. "दिवसा निंगलो त सारे इचारतीन, उकंडाभाऊ कुठी चालले म्हणून."